बस्कर

खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, आज पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही पहिलीच्या वर्गाबद्दल विचारून पाहावं. अक्षरं कशी आली ते बहुतेकांना सांगता येत नाही. ‘अ’ पहिल्यांदा कुणी हात धरून गिरवून घेतला, बाराखडी कधी तोंडात बसली, जोडाक्षरांनी किती दिवस छळलं, हे सगळं धूसर झालेलं असतं. पण कुठं बसत होतो, ते मात्र नेमकं आठवतं. खिडकीखाली की दाराशी, शेजारी कोण, पुढं कुणाची वेणी, जमीन सारवलेली की शहाबादी फरशीची. आणि बुडाखाली काय होतं, हेही.

बुडाखाली बस्कर असायचं, आणि ते घरून न्यावं लागे. गोणपाटाचा चौकोनी तुकडा, विरलेल्या घोंगडीचा पट्टा, आईनं जुन्या लुगड्याच्या घड्या टाचून केलेली छोटी चौघडी. पुढं खताच्या प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या, तशी त्यांचीही बस्करं झाली. दप्तर म्हणजे बाजारची पिशवी. तिच्यात पाटी, एखादं पुस्तक आणि गुंडाळलेलं बस्कर. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि मृगाचा पाऊसही तेव्हाच येई. ज्या पोत्यावर बसायचं, त्याचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची आणि ओढा ओलांडायचा. शाळेत पोचल्यावर ते पिळून खिडकीत वाळत घालायचं आणि ते सुकेपर्यंत ओलसर जमिनीवर उकिडवं बसून राहायचं. शनिवारी सकाळची शाळा. मुलींनी शेण गोळा करायचं, मुलांनी पाणी आणायचं, वर्ग सारवायचा. सोमवारी त्या सारवणाचा वास आणि मांड्यांवर उठलेले पोपडे, हा कित्येकांच्या आठवणीतला पहिलीचा वर्ग आहे.

बाक वरच्या इयत्तांना मिळे. खुर्ची-टेबल गुरुजींचं. पहिली-दुसरी जमिनीवर, आणि द्विशिक्षकी शाळेत या दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या. पहिलीतलं पोर मागं वळून दुसरीची कविता ऐकत बसे. दुसरीत गेल्यावर ती त्याला आधीच पाठ असे.

शाळेतली जागा ही नुसती बसायची सोय नव्हती, हे मुलांना फार लवकर कळतं. हुशार म्हणून ठरलेली मुलं पुढं, ‘ढ’ म्हणून ठरलेली मागं. एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली. दंगा केला तर मुलग्याला मुलींच्या रांगेत बसवायचं, ही तर ठरलेली शिक्षा. तिच्यातून त्या मुलाला आणि रांगेतल्या सगळ्या मुलींना काय शिकवलं जात होतं, याचा विचार फारसा कुणी केला नाही. कोपऱ्यात उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, बाकावर उभं करणं: छडी सोडली तर जुन्या शाळेतल्या बहुतेक शिक्षा जागेच्याच होत्या. सहा वर्षांच्या मुलाला वाचता येण्याआधी ही भाषा वाचता येते. आपल्याला इथं कुठं बसवलंय यावरून आपण इथले आहोत की नाही, हे ते ओळखतं.

मराठीत लिहिल्या गेलेल्या शाळेच्या आठवणी पुन्हा वाचताना हीच गोष्ट ठळकपणे समोर येते. मराठी शिक्षणाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास समित्यांच्या अहवालांपेक्षा या आठवणींमधून जास्त खरा कळतो, कारण त्यांत प्रत्येक वेळी कुणीतरी लहान मूल कुठंतरी बसलेलं असतं.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावानं ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत या शाळेच्या दिवसांबद्दल थोडक्यात पण नेमकं लिहून ठेवलं आहे. वर्गात इतर मुलांमध्ये बसायची त्यांना परवानगी नव्हती. एका कोपऱ्यात एकट्यानं बसायचं, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिक्षकांनी परवानगी द्यायची आणि शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला, तर तहान तशीच.

या आठवणी १९०१ सालच्या एका प्रवासाच्या निमित्तानं येतात. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला होता आणि मसूर स्टेशनवर, जात कळल्यावर, कुणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. हा प्रवास सांगताना बाबासाहेब शाळेतल्या गोणपाटाचा उल्लेख आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट म्हणून करतात. प्रवासातला अपमान त्यांना नवा होता. शाळेतला कोपरा अंगवळणी पडलेला होता. लहान मुलाला अन्याय अंगवळणी पाडायचं काम शाळेनं केलं होतं, हे त्या मजकुरातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वास्तव आहे.

दोन पोती समोर ठेवून पाहावीत. खेड्यातल्या सगळ्याच मुलांनी घरून नेलेलं बस्कर आणि साताऱ्याच्या त्या मुलाचं गोणपाट. कापड तेच, ओझं तेच. एकाच्या आठवणीनं माणसं हळवी होतात आणि मुलांना गोष्ट सांगतात. दुसरं नेणाऱ्या मुलानं मोठेपणी देशाच्या राज्यघटनेत अस्पृश्यता नष्ट करणारं १७ वं कलम आणायला हातभार लावला. म्हणूनच शाळेच्या गोड आठवणींचा लेख लिहिताना कुणाच्या शाळेबद्दल बोलतो आहोत, हे आधी स्पष्ट करायला हवं.

सरकारी शाळांच्या आधीच्या पंतोजींच्या शाळेला तर स्वतःचं छप्परही नसे. १८२० ते १८३० या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती गोळा केली होती; रा. वि. परुळेकरांनी ती पुढं संपादित करून छापली. या शाळा भरत त्या देवळात, धर्मशाळेत, नाहीतर एखाद्या सधन माणसाच्या ओसरीवर. धूळपाटीवर काडीनं अक्षरं काढायची, मोठ्या मुलांनी लहानांकडून घोकून घ्यायचं. पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. कागद नव्हता, घड्याळ नव्हतं. हिशेब तोंडी करायचा होता, म्हणून ही पाठांतरं. पंतोजीला पैशांपेक्षा धान्य जास्त मिळे. ही शाळा टाकाऊ होती, असं सरसकट म्हणणं चूक ठरेल. व्यवहाराला लागणारं गणित तिनं पिढ्यान्‌पिढ्या पुरवलं. पण ती देवळात भरत होती. ज्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. मुलींनाही तिच्यात जागा नव्हती.

पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा आधी एक घर आणि त्यात बसायची एक खोली मिळवावी लागली होती. तात्यासाहेब भिड्यांनी ती दिली. त्या खोलीपर्यंत पोचताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई आणि त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत, ही हकिकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. जीर्ण झालेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवण्यात आला. सावित्रीबाईंची गोष्ट आपण शिक्षिकेच्या बाजूनं सांगतो. पण फुल्यांच्या शाळांमधल्या एका विद्यार्थिनीनं स्वतः लिहिलेलं आपल्याजवळ आहे, आणि ते तितकं तोंडपाठ नाही.

तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी, फुले दांपत्यानं चालवलेल्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, वय चौदा. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सवाल ती करते. पेशवाईतले अत्याचार सांगते. आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं दुःख मांडते. तीन वर्षांच्या शाळेत एवढं लिहिता आलं. आजच्या हिशेबानं ती तिसरी पास होती. तिला वर्गात कोपऱ्यात बसवलेलं नव्हतं, हे त्या निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदातून जाणवतं. ती मधोमध बसून बोलते आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाला सरळ हात घातला. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्यानंतर १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत दाखल करून घ्यायचा हुकूम काढला. या दोन निर्णयांत दुसरा जास्त कठीण होता. शाळा बांधायला पैसा लागतो. एका पट्टीवर शेजारी-शेजारी बसवायला सगळ्या गावाचा रोष पत्करावा लागतो. हुकूम निघाला तरी गावोगाव तो पाळला गेलाच असं नाही, हे पुढं लिहिल्या गेलेल्या आत्मकथा सांगतात.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं. सुरुवातच शाळेच्या वनभोजनानं होते. मुलं रानात जातात. सवर्ण मुलं-मुली वडाखाली बसतात, महारांची मुलं दुसऱ्या झाडाखाली. डबेही वेगळे. जेवणं झाल्यावर उरलेलं अन्न गोळा करून या मुलांना मिळतं. घरी आल्यावर आई मसामाय विचारते की माझ्यासाठी त्यातलं थोडं का नाही आणलंस. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात निबंधाचा विषय: वनभोजन. भिंती नसलेल्या, उघड्या रानातही शाळेनं मुलांच्या बसायच्या जागा ठरवून दिल्या होत्या. तो निबंध काय लिहावा, हा त्या मुलाला पडलेला प्रश्न मराठी साहित्याला पुढं कितीतरी वर्षं पुरला.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचे दिवस आहेत. आई ओसरीवर बसून सुपं-रोवळ्या विणते. त्या विकून घर चालतं. शाळेत शेण काढायचं काम छोट्या उर्मिलाकडे येतं. ती नकार देते आणि गुरुजी तिच्या थोबाडीत मारतात. पुढं जे होतं ते त्या काळात क्वचितच घडत असेल. रस्त्यानं जाणाऱ्या गुरुजींना आई अडवते आणि जाब विचारते. वरती शनिवारच्या सारवणाचा उल्लेख आला, तो अनेकांना गोड वाटतो. पण शेण कुणी उचलायचं, हे ठरवताना गुरुजींच्या डोळ्यांसमोर काही मुलंच का येत, हा प्रश्न त्या गोड आठवणीला लागूनच उभा आहे.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) तर बसायची एक जागाच नाही. कैकाड्यांचं बिऱ्हाड गाढवांवर लादलेलं, आज या गावाच्या कडेला तर उद्या त्या. फोकाच्या डाली, कणग्या विणायच्या आणि विकायच्या. बापाची मात्र एकच जिद्द: पोरानं शाळेत जायचं. त्यासाठी जातपंचायतीचा राग ओढवून घ्यायची त्याची तयारी होती. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) लातूरकडच्या धनेगावची पाथरुट समाजाची वस्ती आहे. घरातलं पहिलं मूल शाळेत जाऊ लागतं आणि त्याच सुमारास वस्तीत पोरं आजारी पडतात. शाळेत गेल्यानंच हे संकट आलं, असा बोभाटा होतो. पोराला शाळेबाहेर ठेवणारे गावातले वरचे लोक, आणि त्याला शाळेतून ओढू पाहणारी आपलीच माणसं. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसून या मुलांनी मुळाक्षरं गिरवली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या सगळ्या मुलांच्या मांडीवर एकच वस्तू होती: पाटी. बाक नसल्यानं मांडी हेच टेबल. लाकडी चौकटीतला काळा दगड, चौकटीत कधी रंगीत मणी ओवलेली तार. पुसायला भोकाच्या डबीतलं ओलं फडकं किंवा स्पंज, आणि तो हरवला की थुंकी. थुंकीनं पाटी पुसली की गुरुजी रागवायचे, कारण पाटी म्हणजे सरस्वती. दसऱ्याला याच पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला झेंडू वाहायचा. पेन्सिल नुसती लिहायला नव्हती. ती खाल्लीही जाई. तिची खडूसारखी चव अजून जिभेवर असलेली माणसं महाराष्ट्रात लाखोंनी असतील.

त्या पेन्सिली येत कुठून? मोठा वाटा मध्य प्रदेशातल्या मंदसौरचा होता. तिथला दगड फिरत्या करवतीवर कापून पेन्सिली होत. कापताना सिलिकाची धूळ उडे आणि कामगारांच्या फुप्फुसांत साठे. सिलिकोसिसनं ऐन तारुण्यात माणसं जायची. १९७० आणि ८० च्या दशकांत डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८२ मध्ये मध्य प्रदेशाला स्लेट-पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पाच-दहा पैशांच्या त्या कांडीमागं कुणाचा श्वास गेला होता, हे त्या वेळच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. पाटी-पेन्सिलीच्या आठवणी काढणाऱ्यांनी मंदसौरचं नाव एकदा तरी घ्यायला हवं.

आता एका वेगळ्या वाटेकडे वळू. मुलानं शाळेत येऊन बसायचं, हे सगळ्यांनीच धरून चाललेलं होतं. ते उलटं फिरवायचं धाडस दोन बायकांनी केलं.

ताराबाई मोडक भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. माँटेसोरीचं तत्त्व त्यांनी आत्मसात केलेलं: मुलाच्या मापाचं सामान, मुलाच्या हाती देता येतील अशी साधनं, शिक्षा नाही. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. तो चांगला चालला. पण तिथं येणारी मुलं मध्यमवर्गातली होती आणि साधनं महाग. खेड्यातल्या मुलाला हे कसं मिळणार, या प्रश्नानं त्या १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बोर्डीला गेल्या. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि लगेच वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. ती सोडून पस्तिशीतल्या अनुताई बोर्डीला आल्या आणि पुढची जवळजवळ सगळी हयात त्यांनी तिथं आणि कोसबाडला काढली.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. बोलावून आणावी तर निम्म्या वाटेत पळून जात. मग या बायकांनी ठरवलं की मुलं येत नाहीत तर शाळेनं जावं. वस्तीतल्याच एखाद्या झोपडीपुढचं अंगण झाडायचं आणि तिथं बसायचं. पोरं आधी लांबून पाहत, मग जवळ येत. त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी. साधनं म्हणजे शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे. समुद्र आणि रान दोन्ही शेजारी असल्यावर माँटेसोरीच्या महागड्या पेट्या आणायची गरज उरली नाही. ही अंगणवाडी. केंद्र सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशभर हे नाव उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांना बोर्डीचं ते झाडलेलं अंगण ठाऊक असेल?

पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम हललं. तिथं वारली मुलं, आणि त्यांना गुरं राखायला जावं लागे. म्हणून शिक्षिका गुरांमागं कुरणात गेली. झाडाखाली शाळा, मधूनच एखादं पोर उठून गाय वळवून परत येई. या शाळेचं नाव कुरणशाळा. मुलींची अडचण वेगळी होती. कडेवर धाकटं भावंड, ते टाकून कसं येणार? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळणाघरात, तीन वर्षांचं बालवाडीत आणि आठ वर्षांची ताई वर्गात, मोकळ्या मांडीवर पाटी घेऊन. मुलगी शाळेत का येत नाही, याची कारणं शोधणारे अहवाल तेव्हाही निघत होते आणि आजही निघतात. कोसबाडला त्याचं उत्तर पाळण्याच्या रूपानं दिलं गेलं. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात हे सारं लिहून ठेवलं आहे.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू शाळांना खोल्या आल्या, बस्कराच्या जागी तरटपट्टी आली, मग सतरंजी, मग फरशीवर रंगवलेली चौकटं. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. ‘बालभारती’ नावानं आपण त्याला ओळखतो. गडचिरोलीतलं पोर आणि गिरगावातलं पोर एकच पुस्तक उघडू लागलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्हींवर बंदी घातली. जुन्या शिक्षा मग आठवणींपुरत्या उरल्या. सगळ्या ठिकाणी उरल्या असं म्हणायचं धाडस मात्र होत नाही.

मग मार्च २०२० आला आणि करोनामुळे शाळा बंद झाल्या. त्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलांना शाळेत बसायला जागाच मिळाली नाही. राज्यातल्या प्राथमिक शाळांची दारं १ डिसेंबर २०२१ पासून उघडली, मुंबई-पुण्यात आणखी काही दिवसांनी. तोपर्यंत ही मुलं कागदोपत्री दुसरीत गेलेली होती. ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कामावर, त्या घरातल्या मुलाला ऑनलाइन वर्ग म्हणजे काय ते कळलंच नाही. कितीतरी शिक्षकांनी गावातले पार, ओटे, देवळांचे मंडप गाठले आणि चार-पाच मुलं अंतरावर बसवून शिकवलं. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये तर कामगारवस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले; पोरांनी गल्लीतून चालावं आणि वाचावं. पंतोजीच्या काळातलं देऊळ आणि ओसरी, बोर्डीचं अंगण, सगळं त्या दीड वर्षात परत आलं. ही मुलं आता प्राथमिक शाळेतून बाहेर पडली आहेत. पहिलीचा वर्ग कसा होता असं त्यांना मोठेपणी कुणी विचारलं, तर ती काय सांगतील?

कोण कुणाशेजारी बसणार, हा प्रश्न अजून न्यायालयात जातो. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: जवळ, एक किलोमीटरच्या आत, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायचं बंधन नाही. म्हणजे मोलकरणीच्या मुलानं मालकिणीच्या मुलाच्या बाकावर बसायची वाट बहुतेक शहरांत बंद. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात नियमाला स्थगिती मिळाली, जुलैमध्ये तो रद्द झाला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निर्णय कायम ठेवला. या खटल्यात आकडेवारी पुष्कळ होती. पण मुळातला वाद १९१९ च्या कोल्हापूरच्या हुकमाचाच होता.

आणि काही मुलांना अजूनही वर्षभर बसायची जागा नाही. दिवाळी अंक घरोघरी पोचतात, त्याच दिवसांत बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रकवर संसार भरलेला. जाऊन कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी, टाकायची. जूनमध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल दसऱ्यापर्यंत कसंबसं ‘कमळ’, ‘मगर’ वाचू लागतं आणि आई-बापाबरोबर ट्रकवर चढतं. ते परत येतं उन्हाळ्याच्या तोंडाशी, परीक्षा जवळ आल्यावर. फडात सहा वर्षांच्या मुलीकडे धाकट्याला सांभाळायचं काम असतं. आई-बाप दोघंही कोयत्यावर. दोघं मिळून एक कोयता. कोसबाडला सत्तर वर्षांपूर्वी जी अडचण पाळणाघर बांधून सोडवली, ती फडाच्या बांधावर तशीच बसलेली दिसते.

उपाय माहीत नाहीत असं नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही बंद पडल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे ते जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला वर्गात घ्यावं, अशी व्यवस्था आहे. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहावं आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी, म्हणून शाळेला जोडून हंगामी वसतिगृहं आहेत. त्यांचा उपयोग होतो, आणि टोळी निघायच्या आधी घरोघर जाऊन ‘पोराला मागं ठेवा’ म्हणून विनवणारे शिक्षक आहेत म्हणून तो होतो. पण आई-बापाला पोर मागं ठेवायचं की नाही ते उचल घेतानाच ठरवावं लागतं. ट्रक दारात उभा असताना ते ठरत नाही. वसतिगृहाची मंजुरी गणपतीच्या आसपास हातात असली, तर शिक्षक त्या घरी जाऊन खात्रीनं सांगू शकतात की पोराला दोन वेळा जेवायला मिळेल. ती दिवाळीनंतर आली, तर तोवर टोळी कारखान्यावर पोचलेली असते आणि पटावरचं मूल कोपीत असतं.